जरा धरतोस का?

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास इंटरकॉम वाजला की मी उचलत नाही. मग तो स्वतःच वर येतो. अंगात बनियन, कानावर पेन्सिल आणि प्रश्न एकच, "जरा धरतोस का?" काय धरायचं आणि किती वेळ, हे आधी सांगायची पद्धत नाही. गेल्या पावसाळ्यात मी अशीच आठ बाय चारची अ‍ॅक्रिलिकची शीट जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत धरली. लिफ्टमध्ये ती मावेना. पाच मिलिमीटर जाडीची अख्खी शीट म्हणजे जवळजवळ १८ किलोंचा ऐवज. दुकानातच कापून का नाही आणली, असं विचारल्यावर म्हणाला, "ते लोक वाट लावतात रे."

ही कामगिरी त्यांच्यावर सोपवायची त्याची तयारी नव्हती.

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतो. आमचा हा मूळचा मखरसम्राट. ऑगस्ट उजाडला की तापलेल्या तारेने थर्माकोल कापून कधी केदारनाथ, कधी शनिवारवाडा उभा करायचा. पुढे २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि घरोघरचे असे शिल्पकार एका दिवसात बेकार झाले. काहींनी गच्चीवर मेथी लावली. याच्याकडे तार उरली होती, ट्रान्सफॉर्मर उरला होता आणि हाताला खाज होती. त्याने ठरवलं, कॉम्प्युटरचं कॅबिनेट घरी करायचं. पारदर्शक. आतलं सगळं दिसलं पाहिजे.

"काचेच्या दाराची तयार मिळतात की," मी म्हणालो.

"काच फुटते," तो म्हणाला.

त्याला माहिती नाही असं समजू नका. त्याला सगळं माहीत असतं, फक्त ते चूक झाल्यावर आठवतं. अ‍ॅक्रिलिक कापायचं म्हणजे पट्टी लावून कटरने दहा-पंधरा वेळा रेघ ओढायची आणि टेबलाच्या कडेवर ठेवून कट्‌कन मोडायचं. तीन मिलिमीटरपर्यंत हे छान जमतं. याने भक्कमपणासाठी पाचची आणलेली, तेव्हा जिगसॉ आली. ती त्याने अशी काही सुसाट सोडली की घर्षणाने प्लास्टिक वितळायला लागलं. पातं पुढे जात होतं आणि मागे चीर पुन्हा चिकटत होती. वीस मिनिटं सगळी बिल्डिंग हादरवून त्याने विजयी मुद्रेने अर्धा तुकडा उचलला, तर अख्खी शीट वर आली.

"वेग कमी ठेवायचा असतो," तो शांतपणे म्हणाला.

भोकांचंही तसंच. लोखंडाचं ड्रिल अ‍ॅक्रिलिकमध्ये एकदम घुसतं आणि पलीकडून बाहेर पडताना तडा पाडतं. म्हणून ड्रिलची धार थोडी बोथट करायची, खाली लाकूड धरायचं. पंख्याच्या चार भोकांपैकी तीन उत्तम पडली. चौथ्यापासून कडेपर्यंत गेलेली चीर मी पाहिली, त्याने पाहिली, आणि काच फुटते हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

पण त्याचा खरा जीव वाकवण्यात. लाकडी चौकटीवर नायक्रोमची तार ताणलेली, तिच्यावर शीट. दीडशे-एकशेसाठ डिग्रीला त्या रेघेपुरतं अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं, मग गुण्यात धरून काटकोनात वाकवायचं आणि गार होईपर्यंत हलू द्यायचं नाही. इथे माझी नेमणूक झाली. जाड हातमोजे घालून मी तो काटकोन धरून उभा, नाकावर माशी, आणि समोर हा घड्याळ लावून. सोडल्यावर बघतो तो वाकाच्या रेघेत सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे.

"दमट हवा," तो म्हणाला. "शीट पाणी शोषते. आधी ऐंशी डिग्रीला काही तास वाळवायला हवी होती."

आतून आवाज आला, "भाऊजी, यांना सांगा, माझ्या ओव्हनला हात लावायचा नाही."

शिवाय वाक काटकोनाहून चांगला पाच डिग्री जास्त झाला होता. त्याने तो पुन्हा तारेवर ठेवला. आणि तो तुकडा, मी स्वतः पाहिलंय, हळूहळू आपला आपण उलगडत सरळ होऊन पडला. कुणी हातही लावला नाही. "याला मेमरी म्हणतात," तो मुलाचा निकाल सांगावा तसा म्हणाला. "आधी आपण सपाट होतो हे त्याच्या लक्षात असतं."

"बरंय," आतून आवाज. "आपला हॉल आधी कसा होता, तेही त्यालाच विचारून ठेवा."

मग क्लोरोफॉर्मसाठी आम्ही एका पाट्या आणि ट्रॉफ्या करणाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. अ‍ॅक्रिलिकचा सांधा त्यानेच जुळतो. सिरिंजने कडेला थेंब सोडला की तो फटीत आपोआप धावतो आणि दोन्ही कडा विरघळून एक होतात. कारागीर खांद्याने कानाशी फोन दाबून कुणाशी तरी उधारीवरून भांडत होता आणि हातांनी शीट वाकवत होता. एक मिनिटात काटकोन. ना बुडबुडा, ना गुण्या. आमच्या गृहस्थांनी अदबीने विचारलं, "किती डिग्री ठेवता?"

"डिग्री कसली? मऊ लागलं की वाकवायचं."

घरी येईपर्यंत हा गप्प होता. पार्किंगमध्ये गाडी लावताना म्हणाला, "अशास्त्रीय आहे सगळं."

कॅबिनेट अखेर दिवाळीत उभं राहिलं. त्यावर काम काय करणार, असं कुणीतरी विचारलं. तो प्रश्न अप्रस्तुत ठरला. मला खास बोलावणं होतं. टेबलावर एक मोठं, जड, तपकिरी खोकं होतं.

"कागद नाही काढलास?"

शीटवर दुकानातून येतो तो संरक्षक कागद जसाच्या तसा होता. "वेडा आहेस का? चरे पडतील. साध्या फडक्यानेसुद्धा पडतात. आणि धूळ तर अशी ओढून घेतं!"

वाकवताना रेघेपुरता सोललेला बोटभर पट्टा तेवढा उघडा होता. त्याने दिवा मालवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि माझी मान धरून त्या पट्ट्याशी नेली.

"बघ. त्या बुडबुड्यांच्या मधून बघ. फिरतोय ना पंखा?"