पौष्टिक ब्राउनीवाल्या काकू

वर्ध्यातल्या कुठल्याही ले-आउटमध्ये एक एलआयसीवाले भाऊ असतात, पहाटे सगळ्यांना कपालभाती करायला लावणारे एक निवृत्त सर असतात आणि २०२० च्या लॉकडाऊनपासून एक ब्राउनीवाल्या काकू असतात. पहिल्या दोघांना चुकवता येतं. काकू मात्र डबा घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात.

त्याआधी काकूंचं बेकिंग दिवाळीपुरतं असायचं. मैदा, साखर, डालडा डब्यात भरून बेकरीवर न्यायचं, नंबर लावायचा, आपल्या नानकटाईच्या ट्रेवर शेजारणीची नजर पडू नये म्हणून भट्टीजवळ उभं राहायचं आणि घामाघूम होऊन परतायचं. लॉकडाऊनमध्ये बाहेर पडणं बंद झालं आणि पुण्याच्या मुलानं ऑनलाइन ओटीजी पाठवला. त्यात काकूंनी सर्वांत आधी भरीत करण्यासाठी वांगं भाजलं. दुसऱ्यांदा ब्राउनी केली. वांगं जास्त बरं झालं होतं, असं काका अजून म्हणतात, हळू आवाजात.

आता वर्धा जिल्ह्यात नुसतं चवीचं म्हणून काही खपत नाही. इथे खाण्याला चारित्र्य लागतं. ज्या गावात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल आणि गुळाचा प्रचार केला, जिथून जवळच्याच सेवाग्राम आश्रमात अस्वाद हे एकादशव्रतांपैकी एक व्रत म्हणून रोज म्हटलं जातं, तिथे लोणी, साखर आणि चॉकलेटचा काळा गोळा घेऊन कुणाच्या दारात जायचं म्हणजे धाडसच. गावचं गोरसपाक बिस्कीटसुद्धा खायचं ते गोसेवेला हातभार म्हणून; चवीचं नंतर पाहता येतं. काकूंनी हे बरोबर ओळखलं. त्यांनी ब्राउनीत फळ घातलं.

‘फळ आहे ना जी त्याच्यात,’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ह्या पाच शब्दांवर मैदा सुटतो, अर्धा किलो साखर सुटते, अमूल बटरची अख्खी वडी सुटते.

ऑक्टोबर संपत आला, आंबिया बहाराची संत्री आर्वी-कारंज्याकडून यायला लागली, की काकूंच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. संत्र्याच्या कामात मात्र त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. संत्रं धुऊन, पुसून, बारीक किसणीवर फक्त वरची केशरी साल उतरवतात. पांढरं लागलं की कडू होतं, म्हणून दर तीन घासण्यांनी संत्रं फिरवतात. तो कीस साखरेत टाकून बोटांनी चोळतात. साखर ओलसर, पिवळट होते आणि वास पार शेजाऱ्यांच्या देवघरात जातो. रस तसाच ओतत नाहीत. कढईत आटवून मधासारखा करतात, कारण ब्राउनीत मैदा कमी आणि लोणी जास्त. त्यात वाटीभर पाणचट रस गेला की ती धड ब्राउनी राहत नाही, धड केक होत नाही, मधोमध बसते. सेलूकडच्या केळ्यांचं गणित वेगळं. हातगाडीवर संध्याकाळी उरलेली, काळ्या ठिपक्यांची केळी काकू निम्म्या भावात उचलतात, आणि ती घातली की दही कमी करतात. दही, कारण अंडं नाही. अंड्याचा विषय ले-आउटच्या महिला मंडळात काढायचा नसतो.

इतकं करून खरी परीक्षा पुढेच. ब्राउनी मधून जरा ओलसर राहायला हवी. टोचलेली काडी कोरडी निघाली तर ती जास्त झाली. हे काकूंना कळलेलं आहे. ले-आउटला नाही. ‘छान आहे वो, पण मधात कच्चं राहिलं वाटते.’ ‘कच्चं नाही वो, ते तसंच राहते.’ ‘असं काहून राहते? लाईन गेली होती का?’ एका वहिनींनी तुकडे घरी नेऊन तव्यावर दोन्हीकडून खरपूस परतले आणि वर साजूक तूप सोडून उरलेले परत आणून दिले, ‘आता पाहा’ म्हणून. दुसऱ्या घरी ब्राउनी दुधात कुस्करून नातवाला भरवली. तिसऱ्या घरून विचारणा आली, किलोनं काय भाव पडते? काकू नगावर विकतात. नगावर तर समोसा विकतात, असं त्या बाईंचं म्हणणं. शेवटी काकूंनी तडजोड केली: ब्राउनी आता वड्यांसारखी तिरकी कापतात, वजनावर देतात, आणि वरून काजूची पाकळी लावतात. शिकागोला हे कळलं तर काय होईल!

शिकागोवरून आठवलं. १८९३ साली तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा बर्था पामर बाईंनी आपल्या नवऱ्याच्या पामर हाउस हॉटेलच्या आचाऱ्याला सांगितलं, की प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या डब्यात मावेल असं काहीतरी गोड कर. त्यातून ब्राउनी निघाली, असं ते हॉटेल सांगतं. वर अक्रोड आणि जर्दाळूचा चकचकीत लेप. हे मी काकूंना सांगायला नको होतं. ‘म्हणजे पहिल्यापासून फळ होतंच!’ पुढच्या हळदीकुंकवाला त्यांनी जाहीर केलं, की ज्या साली, ज्या गावात स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं, तिथलाच हा पदार्थ. साल आणि गाव दोन्ही खरं असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही. बायकांनी हात जोडून तुकडा घेतला.

विरोधक एकच, समोरच्या घरातले खादीवाले काका. त्यांच्याकडे सगळ्याला पुस्तक तयार असतं. गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये लिहायला घेतलेल्या ‘आरोग्याची किल्ली’त चहा आणि कॉफीच्या पंगतीत कोकोही बसवलाय, शरीराला गरज नसलेल्या वस्तूंमध्ये. काकांनी ते पान उघडूनच आणलं. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, ‘पण संत्र्याला तर नाही म्हटलं ना जी बापूंनी?’ नव्हतंच म्हटलं. बापू स्वतः खायचे. काकांनी पुस्तक मिटलं. तेव्हापासून ते अस्वाद व्रत पाळून ब्राउनी खातात. म्हणजे चव कशी झाली ते सांगत नाहीत, फक्त दुसरा तुकडा मागतात. त्यांच्यासाठी कणकेची, गुळाची निराळी ब्राउनी होते. ती चुकून माझ्या वाट्याला आली होती. त्या दिवशी मला व्रताचा अर्थ समजला.

नाताळात नागपूरहून एका सुनेनं रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याची ऑर्डर दिली. ‘आपल्या जिल्ह्यात बंदी आहे, बेटा,’ काकूंनी फोनवर सांगितलं आणि मनुका संत्र्याच्या रसात भिजवल्या. बंदी असलेली वस्तू कुठे, कितीला आणि रात्री किती वाजेपर्यंत मिळते, हे ले-आउटमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकट्या काकूंनाच ठाऊक नसावं, यात त्यांच्या घरच्या काकांचा हात असावा.

धंदा म्हणाल तर रीतसर. अन्नसुरक्षेची नोंदणी काढलेली, वर्षाला १०० रुपये भरून. ते प्रमाणपत्र हॉलमध्ये गजानन महाराजांच्या शेजारी फ्रेममध्ये. नफा होतो का? काकू हिशेबाची वही दाखवतात, त्यात फळांचा खर्च धरलेला नसतो. ‘फळं तर घरात येतातच ना!’ टुटीफ्रुटीही त्यांच्या लेखी फळच. ती कच्च्या पपईचीच असते, त्यामुळे तिथेही वाद घालायला जागा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की चॉकलेट पुडीतच वितळतं आणि ओव्हन लावणारा माणूसही. तेवढे दिवस ले-आउट शांत. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, जांभळं येतात आणि पाटी बदलते: ‘शुगरवाल्यांसाठी स्पेशल जांभूळ ब्राउनी’. जांभूळ मधुमेहाला चांगलं, हे सगळ्या विदर्भाला माहीत आहे. आंबटपणा मारायला साखर दीड वाटी पडते, हे काकूंना माहीत आहे.

घरच्या काकांना शुगर आहे. परवा दोघं डॉक्टरांकडे गेले होते. उपाशीपोटीचा आकडा २१२. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

‘गोड खाता का?’

‘बाहेरचं बिलकूल नाही.’

‘फळं?’

‘रोज. संत्रं, केळं, सीताफळ. सध्या जांभूळ.’

‘जांभूळ चांगलं. किती खाता?’

‘दोन तुकडे सकाळी, दोन संध्याकाळी.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘जांभळाचे तुकडे?’

काकूंनी तोवर पिशवीतून डबा काढला होता. ‘खाऊनच पाहा ना जी, डॉक्टरसाहेब. बिनअंड्याचं आहे.’