स्वतंत्र उद्योजक

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला असता, पाठीवर कंपनीचा पेटारा अन् मस्तकी दुचाकीचा हप्ता वाहत अमरावतीच्या राजकमल चौकातून जो युवक कुणाची तरी बिर्याणी घेऊन धावतो, तो कंपनीच्या दफ्तरी नोकर नसून स्वतंत्र उद्योजक असल्याने, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आदी क्षुल्लक बाबींतून मालक बाइज्जत मुक्त होतो. मात्र २०२१ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना कामगार ठरविले, तेव्हापासून हीच बचत उद्या थकबाकी होऊन दारी उभी राहील, अशी धास्ती भागधारकांना आहे. उबर तर आपल्या वार्षिक अहवालात ही जोखीम स्वतःच इमानेइतबारे नमूद करते. आपली २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता कंपनीकडून उलाढालीचे एक-दोन टक्के मागते खरी, परंतु नोकर म्हणण्याचा अविवेक तीही करीत नाही. पंक्चरचे पैसे आजही उद्योजकच भरतो.