कितीला पडला?

गळ्यात कॅमेरा अडकवून हिंगोलीच्या बाजारातून निघालं की ‘काय टिपलंस?’ असं कुणी विचारत नाही. ‘कितीला पडला?’ हाच पहिला प्रश्न. हौशी माणसाचं उत्तर तयार असतं. बाहेर निम्मी किंमत सांगायची, घरी त्याहून कमी. लेन्सला तर किंमतच नसते. ती मित्राची असते, वर्षानुवर्षं.

हा भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा राजा दीनदयाळ दरबारी छायाचित्रकार होते आणि त्यांच्या पाठीशी सहावा निजाम होता. असा पाठीराखा असला की छंद महाग का स्वस्त, हा वाद घरात निघत नाही. आमच्या पिढीला निजाम नव्हता, आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलवर १२ फोटो. पुढे ३६ वाले रोल आले, तरी कुणी डोळे मिटले की आमच्या काकांचा जीव खालीवर व्हायचा, कारण मिटलेले डोळे धुवायलाही पैसे तेवढेच. आता बटण दाबणं फुकट झालंय. खिसा दुकानातच एकदम रिकामा होतो.

‘प्राधान्य ठरवा, हॉटेलात जाणं कमी करा, लेन्स आपोआप येते,’ असं सांगणारे शहाणे भेटतात. हॉटेलात जाणाऱ्यांसाठी सल्ला उत्तम आहे; हळद पिकवणाऱ्याचं गणित वेगळं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण जूनच्या सुमारास लावलेली हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून पैसा हातात यायला पुढचं वर्ष उजाडतं. त्या पैशाची वाट पाहत खतवाला आणि सोसायटी आधीच रांगेत असतात. हळद शिजताना उठणाऱ्या वाफेचा फोटो फार देखणा येतो. तो काढणारा बहुधा शिजवणारा नसतो.

तरी महागाईचं सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडू नये. औंढा नागनाथाचं देऊळ खाली काळ्या दगडाचं, वर शिखर पांढरं. भर दुपारी दगडातली शिल्पं धरावीत तर शिखर चुन्यासारखं फटफटीत होतं, शिखर सांभाळावं तर शिल्पं अंधारात. महागडा कॅमेरा थोडंफार निभावून नेतो. खरा उपाय म्हणजे उन्हाआधी तिथं पोचणं, आणि त्याला झोपेखेरीज काही लागत नाही. पण झोप हीच बऱ्याच जणांना परवडत नाही, लेन्सचे हप्ते परवडतात.

आणि लग्नात ड्रोन उडतो, नवरानवरीला धरणाच्या काठावर नेऊन एकमेकांकडे बघायला लावतात, त्याला कुणी छंद म्हणत नाही. ते ‘करावंच लागतं’. चारचौघांसाठी केला तो खर्च, एकट्याच्या आनंदासाठी केली ती उधळपट्टी, असा आपल्याकडचा सरळ न्याय आहे. पोळ्याला बैलाची नवी झूल, बाशिंग, घुंगरमाळा, शिंगांना रंग, हेही करावंच लागतं, आणि मी म्हणतो करावंच.

लेन्स पाहून ‘कशाला घ्यायलास रे असलं?’ म्हणणारे आमचे मामा पोळ्याच्या दिवशी सकाळीच फोन करतात. बैल सजून उभा असतो. मी म्हणतो, मोबाइल घेऊन येतो.

‘मोबाइल घरोघर हाय,’ मामा म्हणतात, ‘तू तुझं ते महागाचं घेऊन ये.’