त्रिचक्री क्रीडारथाच्या टायरनिवडीसंबंधी काही सूचना

महसूल खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करून, त्यांतली शेवटची अकरा अव्वल कारकून म्हणून काढून, सेवानिवृत्त झालेल्या इसमाने टायर या विषयावर लेखणी उचलण्यास अधिकार काय, अशी हरकत वाचकांनी घेण्यापूर्वीच मी माझी कैफियत दाखल करून ठेवतो. गतवर्षी उन्हाळ्यात अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहरी, धाकट्या मेहुण्याच्या घरी मी सहकुटुंब तीन महिने मुक्कामास होतो. त्याच्या गॅरेजात कॅन-ॲम कंपनीचे 'स्पायडर' नावाचे एक तीनचाकी वाहन आहे. आणि त्या वाहनाच्या मागील चाकास नवा टायर कोणता घालावा हे प्रकरण आमच्या आगमनाच्या तिसऱ्या दिवशी उपस्थित होऊन प्रस्थानाच्या आदल्या आठवड्यात निकालात निघाले. बांधाच्या, वहिवाटीच्या आणि पाणंदीच्या तंट्यांची पुष्कळ दप्तरे मी बांधली आणि सोडली, परंतु एवढ्याशा रबरासाठी इतका पत्रव्यवहार झालेला पाहिला नाही. सबब, प्रस्तुत विषय माझ्या अखत्यारीतला आहे असे मी धरून चालतो.

इच्छुकाने प्रथम आपल्या वाहनाची जात कोणती याचा निर्णय करावा. स्पायडर हे वाहन कॅनडातील क्वेबेक प्रांतात, व्हॅलकोर्ट या गावी मुख्यालय असलेल्या बीआरपी कंपनीने 2007 साली बाजारात आणले. त्यास पुढे दोन आणि मागे एक अशी चाके असतात, म्हणजे आपल्या रिक्षाची रचना बरोबर उलटी केली की झाले. स्वार त्यावर मोटारसायकलीप्रमाणे मांड ठोकून बसतो व हँडल धरतो. परंतु वळणावर मोटारसायकल जशी अंग टाकते तसे हे टाकीत नाही, मोटारीसारखे ताठच राहते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत आसन वा खोगीर असलेले आणि जमिनीवर तीनाहून अधिक चाके न टेकणारे मोटारवाहन ते मोटारसायकल, अशी व्याख्या असल्यामुळे कागदोपत्री ते मोटारसायकल ठरते, आणि रस्त्याला मात्र ते मोटारीसारखा सपाट तळवा टेकते. नोंद एका तालुक्यात आणि जमीन दुसऱ्या तालुक्यात असा हा मामला असून, टायरच्या साऱ्या बखेड्याचे मूळ येथेच आहे. याच पंथातील पोलॅरिस कंपनीच्या 'स्लिंगशॉट'ला तर बादलीसारख्या दोन खुर्च्या आणि मोटारीचे स्टिअरिंगही आहे, आणि त्याच्या काही प्रकारांत मागचा एकुलता टायर 305 मिलिमीटर, म्हणजे चांगला फूटभर रुंद असतो. इंग्लंडातील मॉर्गन कंपनीने 2011 साली आपली जुनी तीनचाकी पुनरुज्जीवित केली तेव्हा पुढे मोटारसायकलीच्या धाटणीचे अरुंद टायर आणि मागे मोटारीचा टायर, अशी वाटणी करून तंटा आपसांत मिटवला. तेवढी समजूतदारी इतरत्र आढळत नाही.

तीन चाकांचे वाहन म्हणून ज्यांना त्याविषयी तुच्छता वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की हवा भरलेला टायर व्यवहारात रूढ झाला तो चारचाकीमुळे नव्हे. बेलफास्ट येथे गुरांघोड्यांची वैद्यकी करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला, ती दगडी रस्त्यावर फार हादरते म्हणून, हवेच्या नळ्या गुंडाळल्या, आणि तेथून पुढचा इतिहास सुरू झाला. पुढे त्यांचा एकस्वाचा हक्क टिकला नाही; रॉबर्ट विल्यम थॉम्सन या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने हीच कल्पना 1845 मध्ये नोंदवून ठेवलेली निघाली. हक्कनोंदीत आधीचे नाव निघाले की काय होते हे मला कोणी सांगावयास नको.

असो. टायर बदलण्याची वेळ आली किंवा कसे, हे ठरविण्याची अमेरिकेतील रूढ रीत अशी, की एक सेंटचे नाणे घेऊन, त्यावरील अब्राहम लिंकन यांना शीर्षासन घालून, टायरच्या नक्षीच्या खाचेत उभे करावे. डोक्याचा काही भाग खाचेत बुडाला तर टायर अद्याप सेवेत, आणि डोके संपूर्ण दिसू लागले तर नक्षी 1.6 मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरली, सबब टायर सेवानिवृत्त. मेहुण्याने मला गॅरेजात चटईवर गुडघे टेकावयास लावून हातात विजेरी दिली.

"दाजी, नीट बघा हं. लिंकनचं डोकं दिसतंय का?"

"दिसतंय."

"केस दिसतात?"

"केस, कान, दाढी, कोटाची कॉलर, सगळं दिसतंय."

मेहुणा खाली बसला. मग मी नाणे टायरच्या काठाकडील खाचेत धरून पाहिले, तो तेथे लिंकनसाहेब भुवयांपर्यंत बुडाले. दोन्ही काठांस नक्षी जवळजवळ कोरी, नव्या टायरवर असतात ती रबराची बारीक केसरेसुद्धा एके ठिकाणी शिल्लक. आणि मधोमध तळहाताएवढ्या पट्ट्यात टायरचा अगदी गोटा झालेला. हा दोष त्या एकाच टायरचा नव्हे. एकत्र कुटुंबात मिळवता एक आणि खाणारी दहा असली म्हणजे त्या एकाची जी अवस्था होते ती येथे मागच्या चाकाची होते, कारण पुढची दोन चाके केवळ दिशा दाखवितात आणि इंजिनाची सारी ताकद पट्ट्याच्या द्वारे या एकट्या चाकाच्या माथी येते. त्यात पुन्हा टायर रुंद आणि वाहन हलके, म्हणजे मोटारीच्या मानाने हलके, असल्यामुळे हवा जराशी अधिक झाली की टायर मध्ये फुगतो, काठ अधांतरी राहतात आणि मधलीच पट्टी रस्त्याशी घासत राहते. चारचाकीत पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे, अशा बदल्या करून झीज सर्वांत वाटून देता येते. येथे मागच्याच्या मापाचे दुसरे चाक गाडीत नाही, त्यामुळे बदलीचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि रिक्षात असते तशी स्टेपनीही नाही. (स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाके बनविणारा कारखाना होता. त्या गावात आज तो शब्द कोणी वापरीत असो वा नसो, साताऱ्याच्या स्टँडवरचा प्रत्येक रिक्षावाला वापरतो.)

आता टायरचा उतारा वाचण्याचे शास्त्र. सातबाऱ्यावर जशी सर्व हकिगत असते तशी टायरच्या कुशीवर असते, फक्त ती उकिडवे बसून, मान वाकडी करून वाचावी लागते. स्पायडरच्या मागील टायरवर 225/50 आर 15 असा मजकूर आहे. पैकी 225 ही रुंदी मिलिमीटरांत. 50 म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या शेकडा पन्नास. 'आर' म्हणजे आतील धागे रेडियल पद्धतीचे. आणि 15 हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच अशी तीन मापे नांदविणारा दस्तऐवज माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि आमच्याकडे आणे-पै, गुंठे आणि आर एकत्र नांदत होते हे सांगूनही मी हे म्हणतो आहे. त्यापुढे भाराचा आकडा येतो: 91 असल्यास 615 किलो. त्याला चिकटून वेगाचे अक्षर येते: एच असल्यास ताशी 210 किलोमीटर. ही परवानगी आहे, शिफारस नव्हे, हे मेहुण्यास लेखी कळविले आहे. शेवटी 'डॉट' या अक्षरांपाठच्या ओळीच्या टोकास चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढील दोन वर्षाचे; 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानदाराने 'नवा कोरा' असे शपथेवर सांगितले तरी हा जन्मदाखला आपल्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत, कारण मांडणीवर बसूनही रबर म्हातारे होते.

येथवर मतभेद नाहीत. यापुढे दोन संप्रदाय आहेत. पहिला संप्रदाय म्हणतो, कंपनीच्या पुस्तकात जो टायर लिहिला तोच घालावा. दुसरा म्हणतो, तो टायर लवकर झिजतो, सबब मोटारीचा घालावा. आणि मूळ मापाचे मोटारीचे टायर सहसा मिळत नसल्यामुळे 205/60 आर 15 हे माप पसंत करावे. या दुसऱ्या पक्षाचे एक मुख्य प्रमाण असे, की अमेरिकेत मोटारीच्या टायरवर झिजेचा सरकारी आकडा छापलेला असतो, 100 हा मूळ नमुना आणि 400 असेल तर त्याच्या चौपट टिकाऊ. मोटारसायकलीच्या टायरला असा आकडा नसतोच. मेहुण्याने हे मला मोठ्या विजयाने सांगितले. मी चौकशी केली तेव्हा निष्पन्न झाले ते असे, की चाचणी टेक्सासात सॅन अँजेलोजवळच्या रस्त्यांवर 7,200 मैल गाडी चालवून होते खरी, परंतु शेवटी आकडा टायरवर घालते ती टायर बनविणारी कंपनीच. कर्मचाऱ्याने आपला गोपनीय अहवाल आपणच लिहावा आणि साहेबाने त्यावर फक्त छापील मोहोर पाहावी, ही पद्धत आमच्या काळी असती तर मी मामलेदार होऊन निवृत्त झालो असतो.

मापाच्या बाबतीत मी कागद-पेन्सिल घेऊन रुजुवात केली. मूळ टायर: 225 चे निम्मे साडेबाराशे नव्हे, एकशे साडेबारा, दोन्ही बाजूंचे मिळून 225, त्यात रिमचे 381 मिळविता व्यास 606 मिलिमीटर. मोटारीचा: 205 चे शेकडा साठ 123, दोन्ही बाजूंचे 246, रिम धरून 627. फरक 21 मिलिमीटर, म्हणजे शेकडा साडेतीन. एका फेऱ्यात गाडी 66 मिलिमीटर अधिक पुढे जाते. चाकाच्या फेऱ्यांवरून वेग मोजणारा काटा 100 दाखवीत असता प्रत्यक्षात ती साडेतीनाने अधिक धावते, आणि पोलीस हिशेब प्रत्यक्षाचा करतात. आणखी असे, की या गाडीत तोल सांभाळणारी, बॉशच्या सहकार्याने बनविलेली एक विद्युत-यंत्रणा आहे. ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्या सतत ताडून पाहते आणि हिशेब जुळला नाही की, मागचे चाक घसरले असा ग्रह करून घेऊन, स्वाराला न विचारता इंजिनाचा गळा धरते. अशा संशयी हिशेबनिसाच्या पुढ्यात व्यास बदललेले चाक ठेवावे किंवा नाही, याचा ज्याने त्याने विचार करावा. माझा शेरा प्रतिकूल पडला.

मेहुण्याच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, या सुमारास एकदा गॅरेजच्या दारात येऊन म्हणाल्या, "टायर बघताय की स्थळ?" त्यांचे हे उद्गार प्रकरणात सामील केलेले नाहीत.

पुढच्या दोन टायरांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. ते जोडीने घ्यावे, जोडीने घालावे, एकच बदलू नये.

पावसाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तीन चाकांचा खरा घात तेथे आहे आणि टायर निवडताना नेमके तेच कोणी पाहत नाही. मोटार पाण्यातून जाते तेव्हा पुढची चाके पाणी बाजूला सारतात आणि मागची त्यांच्याच मळलेल्या वाटेने, बरीचशी कोरडी, मागून येतात. नंदीबैलाच्या मागून गावभर फिरणाऱ्या पोरांसारखी. स्पायडरच्या पुढच्या चाकांनी दोन वाटा मोकळ्या केल्या तरी मागचे चाक त्या दोहोंच्या मधून, कोणीही न सारलेल्या पाण्यातून आपली तिसरी वाट काढते; आणि ही तिसरी वाट रस्त्याच्या त्याच पट्टीवरून जाते जिच्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींचे तेल थेंबथेंब सांडलेले असते. खड्ड्याचेही तेच, दोन चाके चुकविली तरी तिसरे बरोबर सापडते, हे रिक्षातून पुणे शहर पाहिलेल्या कोणासही पटवून द्यावयास नको. म्हणून टायर पसंत करताना तो किती मैल टिकेल हे विचारण्याआधी त्याच्या मधल्या खाचा किती खोल आणि किती सलग आहेत, हे बोट घालून पाहावे. रुंद, हलका आणि मध्ये गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणे हे चाकाचे काम नव्हे.

सर्व पुरावा वाचूनही मेहुण्याने मोटारीच्या टायरच्या बाजूने कौल दिला व मला सोबत घेऊन तो दुकानी गेला. मोटारीच्या टायरांच्या पहिल्या दुकानात सांगण्यात आले, की ही मोटारसायकल आहे, आम्ही मोटारसायकल घेत नाही. मोटारसायकलीच्या दुकानात सांगण्यात आले, की टायर मोटारीचा आहे, तो आम्ही या चाकावर चढवीत नाही, विम्याची अडचण येते. तिसऱ्याने चाक घरी सोडवून आणा, म्हणजे पाहू, असे म्हटले. परंतु ते चाक सोडवावयाचे म्हणजे आस काढा, पट्टा उतरवा, पुन्हा बसविताना पट्ट्याचा ताण आणि आसाची पकड पुस्तकाबरहुकूम जुळवा. मेहुण्याने हातातल्या पान्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि विचार सोडून दिला. महसूल म्हणते वनखात्याकडे जा, वन म्हणते महसुलाकडे जा, हा अनुभव मला सात समुद्रांपलीकडे, तोही वातानुकूलित दालनात आणि फुकट कॉफीसह, पुन्हा मिळेल असे वाटले नव्हते. मन भरून आले.

अखेर, दोन महिने आणि काही दिवसांनंतर, गाडी ज्याने विकली त्याच विक्रेत्याकडे ती नेण्यात आली आणि त्याने पुस्तकात लिहिलेला, मूळ मापाचा, पूर्वी होता तोच टायर मुकाट्याने घालून दिला. मी कुशीवरील चार आकडे पाहिले. टायर पाच महिन्यांचा होता. प्रकरण दप्तरी दाखल केले आहे.

वाचकांस एवढीच विनंती, की टायर कोणत्याही संप्रदायाचा घेतला तरी हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. स्पायडरला मागे 28 पीएसआय.