तारसप्तकातले भाऊकाका

भाऊकाकांकडून गाणं ऐकायला बोलावणं आलं तर जेवून जावं, आणि गाणं घरी परत आल्यावर ऐकावं. मधल्या दोन तासांत तिथे ऐकवली जाते ती केबल.

असे भाऊकाका हल्ली बऱ्याच सोसायट्यांत सापडतात. बँकेतली नाहीतर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातली नोकरी, नुकतीच निवृत्ती, मुलं परदेशी, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं. आमचा कोथरूडचा नमुना अस्सल. उमेदीच्या काळात 'सवाई'ला भारतीय बैठकीवर घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसलेला हा माणूस. आता मंडपात पाऊल टाकत नाही. का, तर म्हणे तिथल्या केबली.

पाहुण्याला ते हॉलच्या बरोब्बर मधल्या खुर्चीत बसवतात. ती खुर्ची कुठे हवी याच्या फरशीवर खडूच्या खुणा आहेत आणि त्या पुसायच्या नाहीत, अशी कामवाल्या मावशींना ताकीद आहे. मग किशोरीताईंची ध्वनिमुद्रिका लागते. तंबोरे सुरू होतात. काका डोळे मिटतात. आता आकार लागणार म्हणून आपण सरसावून बसतो, तोच खट्! बंद. "ऐकलीस? खर्जाच्या तारेची जवारी? आता हीच जुन्या केबलवर ऐक." मग काका सोफ्यामागे उतरतात, दहा मिनिटं तिकडून फक्त धापा ऐकू येतात, आणि पुन्हा तेच तंबोरे. किशोरीताई त्या घरात गेली दोन वर्षं गायलेल्या नाहीत.

खरेदीच्या वेळचे काका मात्र मला मनापासून आवडतात. तपकीर गल्लीत ते खिशात ब्लेड घेऊन जातात. दुकानदार "एकदम प्युअर कॉपर, काका" म्हणाला की तारेचं टोक सोलायचं, एक केस वेगळा काढायचा आणि ब्लेडने खरवडायचा. तांबूस मुलाम्याखाली पांढरं निघालं की ते ॲल्युमिनियम. ते वीज वाहून नेण्यात तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच, आणि भाव मात्र तांब्याचा. एवढ्यापुरते काका शंभर टक्के बरोबर आहेत. तिथेच दीड एमएमची चांगली वायर कापून घेतली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण मग ऑक्सिजनविरहित तांबं आलं, त्यावर चांदी आली, सालीवर बाण आला. ध्वनी बाणाच्या दिशेनेच जायला हवा! (स्पीकरमधली वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट फिरते, हे त्या बाणाला कुणी सांगितलेलं नसावं.) डावा स्पीकर दीड मीटरवर, उजवा चार मीटरवर, तरी दोन्ही केबली चार-चार मीटरच्या, नाहीतर एका कानाला गाणं आधी पोचेल. तारेतला तो फरक सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा असतो. काकांची मान बोटभर कलली तरी त्याच्या हजारपटींहून जास्त फरक पडतो. केबल जमिनीला टेकता कामा नये म्हणून लेकीच्या भातुकलीतले चौरंग ओळीने मांडलेत आणि त्यांवरून ती अजगरासारखी गेली आहे. किंमत? काकूंना सांगितलेल्या आकड्यात आणि बिलात एका शून्याचा फरक आहे.

काकांचा भाचा विजेचा इंजिनियर. त्याने एकदा पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दीड एमएमच्या तांब्याचा रोध किलोमीटरला बारा-तेरा ओहम; चार मीटर जायचे, चार यायचे, म्हणजे ओहमचा जेमतेम दहावा भाग. स्पीकर आठ ओहमचा. शिवाय स्पीकरच्या पोटात केसाएवढ्या तारेची कित्येक मीटर गुंडाळी असते, ती तर सहसा कुणी चांदीची करत नाही. वर त्याने जेम्स रँडीचा दाखला दिला. या अमेरिकन जादूगाराने 2007 साली आव्हान दिलं होतं : 7,250 डॉलरची बारा फुटी केबलजोडी साध्या चांगल्या केबलपासून नुसत्या कानाने ओळखा आणि दहा लाख डॉलर न्या. ती परीक्षा शेवटी झालीच नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जादूगार ना? त्याला मारव्यातला कोमल रिषभ कळतो का?"

दिवाळीच्या साफसफाईत चौरंग हलले, केबली निघाल्या, काकांनी त्या पुन्हा जोडल्या. मग आम्हा सगळ्यांना बोलावणं. आवाज खोलीभर पसरला होता, गवई नेमका कुठे बसलाय ते कळेना आणि तबल्याचा बायाँ तर गायबच. काका हरखले होते. "केवढा प्रशस्त मंच! केबल मुरतेय. दोनशे तास लागतात तिला."

पुढच्या आठवड्यात पंखा दुरुस्त करायला आलेला सोसायटीचा इलेक्ट्रिशियन शिडीवरून सोफ्यामागे डोकावला. डाव्या स्पीकरची लाल तार काळ्यात होती. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जात होता आणि खर्ज एकमेकांत जिरत होता. काका तेव्हा आंघोळीला गेले होते. काकूंनी मान डोलावली, त्याने दोन तारा अदलाबदल केल्या.

काका पंचा गुंडाळूनच खुर्चीत येऊन बसले. तंबोरे लागले, बायाँ घुमला, आवाज बरोब्बर मधोमध आला. "झाले बघ दोनशे तास!" काका ओरडले. इलेक्ट्रिशियनने काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी त्याच्या पुढ्यात चहा ठेवला आणि पंख्याचे किती झाले ते विचारलं.