करिअरची घटमांडणी

बुलढाणा जिल्ह्यात भविष्य सांगण्याचे हंगाम दोन, आणि दोन्ही ऐन उन्हाळ्यात. पहिला अक्षय तृतीयेचा. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मध्ये खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, भजी, वडा, कुरडई, करंजी. शिवाय राजाच्या गादीसाठी पानविडा. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज पाहणी करतात आणि पाऊस, पीक, रोगराई, तिजोरी, गादी अशा सगळ्यांचं वर्षभराचं सांगून मोकळे होतात.

दुसरा हंगाम दहावीच्या निकालाचा. इथे घागरीऐवजी प्रोजेक्टर असतो, शेताऐवजी मंगल कार्यालय, आणि महाराजांऐवजी 'सुप्रसिद्ध करिअर मार्गदर्शक'. पहिल्या प्रकाराला अंनिस अंधश्रद्धा म्हणते. दुसऱ्याला मुख्याध्यापक शाल-श्रीफळ देतात.

आमच्या मते दोहोंत भेंडवळ जास्त शास्त्रीय. एक तर तिथे सांगण्याआधी निदान बघतात तरी. दाणा जागेवर आहे की सरकला, ढेकूळ कोरडं आहे की भिजलं. मार्गदर्शकाने समोरच्या चारशे पोरांपैकी एकाकडेही पाहिलेलं नसतं. दुसरं, जूनमध्ये पावसाने दडी मारली की शेतकरी पारावर बसून महाराजांचा हिशेब काढतो. मार्गदर्शकाचं भाकीत चुकलं हे कळायला सहा-सात वर्षं आणि बापाचं एक एकर जातं. तोवर साहेब तिसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेले असतात. तिसरं, 2024 च्या लोकसभा निवडणुकीत आचारसंहिता होती म्हणून भेंडवळने राजकीय भाकीत पोटात ठेवलं. करिअरच्या भाकिताला कुठलीच आचारसंहिता लागू नाही.

म्हणून शिक्षण खात्याला नम्र सूचना. शाळेच्या मैदानावरच घट मांडा. गव्हाच्या जागी इंजिनिअरिंग, तुरीच्या जागी फार्मसी, करडीच्या जागी फौज. करडी तशीही संरक्षणाचीच मानतात. पहाटेची पाहणी आम्ही आताच सांगतो. डी.एड.चे दाणे मुंग्यांनी नेले. इंजिनिअरिंग भरपूर, पण भाव नाही. पोलीस भरतीचे दाणे रिंगणाबाहेर सांडले. करंजी गायब, म्हणजे बापाची तिजोरी रिकामी. पानविडा जागचा हलला नाही. क्लासवाल्याची गादी कायम.

सरकारने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. 2016 मध्ये दहावीच्या पोरांची कल चाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा असे सात कल. ज्याचा कल ललित कलेकडे निघाला, त्याच्या घरी तो कागद पाहुण्यांपासून लपवावा लागला. ज्याचा कृषीकडे निघाला, त्याचा बाप म्हणाला, "ज्याच्यातून भाईर काढासाठी शाळेत घातलं, मशीन त्याच्यातच ढकलून रायली!" पुढे ती चाचणी थांबली. 2020 मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आलं आणि त्यात शेकडो करिअर निघाले. शेकडो! आमच्या गावाला आठच ठाऊक होते: डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, मास्तर, तलाठी, पोलीस, फौजी आणि 'तिकडे पुण्याला कंपनीत'.

यांपैकी तलाठी सर्वांत लाडका. 2023 च्या भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. महाराष्ट्राचा कल चाचणी न घेताच कळला. खुल्या प्रवर्गातून अर्ज भरायला 1,000 रुपये फी होती. त्या भरतीत कमाईची पक्की हमी होती ती एवढीच, आणि ती उमेदवाराची नव्हती.

डॉक्टरकीचं तर आता फारच सोपं झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. आता डॉक्टर व्हायला जिल्हा सोडायची गरज नाही; फक्त आधी दोन वर्षं क्लाससाठी अकोला किंवा लातूर करून यायचं. त्या महाविद्यालयाला नर्स लागतील, लॅब चालवणारे लागतील, एक्स-रे काढणारे लागतील. पण त्यांचे फोटो फ्लेक्सवर चांगले दिसत नसल्याने मार्गदर्शनात त्यांचा उल्लेख टाळतात.

जिल्ह्यात बघायला काही कमी नाही. लोणारला उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात सरोवर झालं. त्याचे दगड तपासायला बाहेरून शास्त्रज्ञ येतात, आणि आपली पोरं त्यांना खाली उतरायची वाट दाखवतात. साहेब दिवसभर दगड उचलून बघतात त्याला नोकरी म्हणतात आणि तिचा पगार असतो, हे त्या पोरांना कुणी सांगत नाही. खामगावच्या चांदीचं नाव दूरवर आहे. तिथल्या कारागिराला शाळेत व्याख्यानाला बोलावल्याचं आमच्या ऐकिवात नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला पाठवा, असं लिहिलं आहे. दप्तर घरी ठेवण्याचा भाग आपल्याला लगेच जमेल.

परवा घाटाखालच्या एका गावात असंच शिबिर झालं. 'मुलांचा कल ओळखा' या विषयावर साहेब तासभर बोलले. शेवटी एक शेतकरी उठला. "सर, माह्या पोट्ट्याले गणित जमत नाही. पण इहिरीवरची मोटार खोलून पुन्हा चालू करते थो. त्याले काय करू?"

साहेब म्हणाले, "काही काळजी करू नका. गणिताची भीती घालवणारी बॅच आपल्याकडे सोमवारपासूनच..." आणि माईक बंद पडला.

संयोजकांनी तो ठोकून पाहिला, फुंकून पाहिला. मग तोच पोरगा स्टेजवर चढला, दाताने वायर सोलली, पिळली, जोडली आणि खाली येऊन बापाशेजारी बसला. स्पीकर खरखरला.

"हॅलो, हॅलो. येतोय ना आवाज?" साहेब म्हणाले. "हां, तर मी सांगत होतो, पालकांनी मुलांचा कल ओळखायला शिकलं पाहिजे."