तेलाला भाकरीचे विशेषण चिकटवणाऱ्या प्राध्यापकास

प्रा. आर्चिबाल्ड हेन्री सेस यांस,
आपल्या नजरेची करामत अजून विसरता येत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतल्या भाकरीला मत्तय आणि लूक दोघेही ‘एपिऊसिओस’ म्हणतात. धर्मपंडित ओरिजेनची तर भाषाच ग्रीक. त्याने तिसऱ्या शतकात लिहून ठेवले की हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात आहे, ना सामान्यांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. त्याला जो सापडला नाही तो आपल्याला १८८९ मध्ये सापडला. तोही कुठे, तर फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तमधल्या हवाराहून आणलेल्या पपायरसवरच्या घरखर्चाच्या यादीत!

पपायरसतज्ज्ञ प्रायसिग्के यांनी १९१५ मध्ये आपले वाचन विश्वासाने पपायरसांच्या संग्रहात छापले. पुढे ‘रोजचा शिधा’ या अर्थाला त्याचा आधार मिळाला. मूळ पपायरस मात्र गहाळ. १९५७ मध्ये बायबलचे अभ्यासक ब्रूस मेट्झगर यांनी शंका काढली, तरी पडताळणार कशावरून? १९९८ मध्ये तो येल विद्यापीठात सापडला. पुन्हा वाचल्यावर तिथे निघाले ‘एलाइऊ’. म्हणजे तेल, साहेब. यादीत तेलाचा खर्च होता.

एका अक्षरओळीची घाई म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण वाद अर्थाचा आहे. ‘एपि’ या उपसर्गाला ‘ऊसिआ’, म्हणजे अस्तित्व, जोडले तर ‘जगण्यापुरती’ भाकर. पण पुढे स्वर आला की ‘एपि’तला इकार सहसा गळतो, मग ‘एपूसिओस’ व्हायला हवे होते. उलट ‘येणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘एपिऊसा’, म्हणजे येणारा दिवस, होतो. तिथला इकार धातूचाच, म्हणून टिकतो. लूक स्वतः प्रेषितांच्या कृत्यांत ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणताना हेच रूप वापरतो. एका हिब्रू शुभवर्तमानात या जागी ‘उद्याची’ असा शब्द असल्याचे बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम यानेही नोंदवले आहे. मला हीच व्युत्पत्ती पटते. ज्याच्या घरी उद्याच्या पिठाची खात्री नाही, तो उद्याची भाकर आजच मागतो; त्या मागणीतली धास्ती ‘रोजचा शिधा’ म्हटल्यावर उरत नाही.

हा सगळा पुरावा आपल्या ऑक्सफर्डमध्ये, छापील पुस्तकांत, आपल्या हाताशी होता. इतका दुर्मिळ शब्द दिसला तेव्हा ती ओळ आपण आणखी एकदा वाचायला हवी होती.

कळावे,
ग्रीकचा एक विद्यार्थी